आग्रह

"बाग कुठं आहे?" साळुंखेसाहेबांनी विचारलं.

साहेब बागेच्या मधोमध उभे होते.

चूक त्यांची नव्हती. डावीकडे काड्या, उजवीकडे काड्या आणि पायाखाली पांढरट, पापुद्रे सुटलेली माती. जास्वंदीच्या अख्ख्या रांगेत एकच जास्वंद जिवंत होती, तीही अशी उभी की जणू बाकीच्या गेल्या आणि आपण राहिलो याची तिला लाज वाटत होती. कडुनिंब तेवढा हिरवागार होता. पण तो आमच्या आधीपासूनचा, त्याचं श्रेय आमच्या पदरात कोण घालणार?

"ही काय. हीच," मी म्हटलं.

"बाई, ही जागा झाली. मी बाग विचारतोय."

मागं मुकुंदअण्णा हसले. मुकुंदअण्णा ढोबळे म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. चैत्राच्या उन्हात त्यांच्याकडे बघितलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

"म्हेत्रेबाईंचा स्वभाव जरा तिखट आहे साहेब," ते म्हणाले. "पण मन साफ आहे."

माझं मन त्या वेळी अजिबात साफ नव्हतं. त्यात काय काय चाललं होतं ते इतक्या वर्षांनंतरही छापण्यासारखं नाही.

आमच्या कॉलनीचा लेआउट पडला तेव्हा नकाशात ही खुली जागा सोडलेली होती. पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. नकाशाबाहेर तिला सगळे उकिरडा म्हणायचे. मंगल कार्यालयाच्या उष्ट्या पत्रावळ्या, चिकनवाल्याची पिसं, कुणाच्या मोरीच्या फुटक्या फरश्या, सगळ्यांचं माहेर तिथं. मागच्या गल्लीतली अंबक्का गुर्रम विड्या वळायची. तिच्या घरावर पत्रा, उन्हाळ्यात आत भट्टी. एक दिवस तिनं कडुनिंबाखालची चार हात जागा झाडली, सूप मांडलं आणि तिथंच पानं कातरायला बसली. तिला बघून तिच्या शेजारची शमशाद, तीही विड्याच वळायची, आपलं सूप घेऊन आली. मग मीही साड्यांना फॉल लावायचं काम तिथं नेलं. बागेचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता, सावलीचा होता. सावली सरकेल तशा आम्ही सरकायचो, आणि जिथं सरकू तिथलं झाडून घ्यायचो. असं करता करता एक दिवस बघतो तर जागाच स्वच्छ झालेली.

मग कुणी तुळस लावली, कुणी जास्वंदीची फांदी खोवली. शमशादनं मेंदी लावली, मी पारिजातक. पाण्याचा प्रश्न अंबक्कानं सोडवला. आमच्याकडे नळ चार दिवसांआड. नवं पाणी आलं की घरोघरच्या बायका हंड्याकळशीतलं जुनं पाणी मोरीत ओतून द्यायच्या, शिळं झालं म्हणून. पाण्यासाठी रडणारे आम्हीच आणि पाण्याला शिळं म्हणणारेही आम्हीच.

"मोरीला काय फुलं लागणारेत का गं?" अंबक्का दारोदार जाऊन म्हणाली. "इकडं आणा की."

तेव्हापासून नळाच्या दिवशी आमच्या गल्लीतून हंड्यांची वरात निघायची. पाण्यावरून भांडणंही व्हायची. माझ्या पाण्यावर तुझी मेंदी फोफावली, असली. पण त्या निमित्तानं प्रत्येक घरातली बाई तिथं एकदा तरी पाय टाकायची, आणि ज्या जागेत बायका पाय टाकतात तिथं कुणी पिसं टाकत नाही.

बाग डोळ्यांत भरायला लागली आणि मुकुंदअण्णांना ती जागा आठवली. तिथं त्यांना सभागृह बांधायचं होतं. वर हॉल आणि खाली दुकानाचे गाळे. हॉल समाजासाठी. गाळे कुणासाठी ते विचारायचं नसतं. आम्ही सगळ्या वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथं साळुंखेसाहेब नवेच आले होते. बोलायला कोरडे, पण सरळ. ते म्हणाले, "मी पाडव्यानंतर बघायला येतो. बाग जगलेली दिसली तर ही जागा कागदोपत्री बाग म्हणून लावतो. नाही दिसली तर सभागृहाचा ठराव पुढं जाईल. मधलं मला काही कळत नाही."

आम्हाला तेवढं पुरेसं होतं. आमची बाग जगणारच होती.

भाऊबीजेला अण्णा आले. पाट, रांगोळी, फोटोवाला, सगळा सरंजाम बरोबर घेऊन. म्हणाले, सभागृहाचं सोडा, बहिणींपुढं सभागृह काय! अंबक्का वयानं मोठी, म्हणून तिच्याकडून ओवाळून घेतलं आणि ताटात ओवाळणी म्हणून जाहीर केली बोर. मोटारीसकट, पाइपांसकट.

"घ्यायची नाही," मी त्याच दिवशी अंबक्काला म्हटलं. "फुकटचा भाऊ आहे. आज बोर देईल, उद्या पाटी लावेल, परवा म्हणेल बाग माझी."

"लावू दे की पाटी. पाटीला पाणी घालायचं नसतं."

"अंबक्का, मला हे बरं दिसत नाही."

"तुला काय दिसतंय!" ती एकदम उसळली. "तू सायकलला कॅन अडकवून आणतीस. मी डोक्यावरून आणते. दिवसभर मांडी घालून वळायचं आणि वर हे हंडे. रात्री कूस बदलताना आई आठवती मला. तुझी कंबर गेली की मग सांग, बोर नको म्हणून."

उत्तर नसलं की माणूस अबोला धरतो, तसा मी धरला. खरं सांगायचं तर मला संशय होता तो पाटीचा. पाण्याचा नव्हता. आमच्याकडे नळाचं पाणी प्यायचं आणि बोरचं वापरायचं, अशी वाटणीच आहे. बोरचं जरा खारं असणारच, हे धरूनच चालतात. धुण्याभांड्याला चालतं तर झाडाला काय धाड भरलीय? कुणी चाखूनसुद्धा बघितलं नाही.

बोर सुरू झाली. अंबक्का रोज संध्याकाळी व्हॉल्व्ह सोडायची. हंड्यांची वरात बंद पडली. बायकांचं येणं कमी झालं. संक्रांतीच्या आसपास पानांच्या कडा करपायला लागल्या. आम्हाला वाटलं, कीड असेल. विडीच्या तंबाखूचा भुसा भिजवून त्याचं पाणी फवारलं. मग वाटलं, यंदा ऊन लवकर आलंय. अंबक्का सकाळीही व्हॉल्व्ह सोडायला लागली. जेवढं पाणी जास्त, तेवढी झाडं लवकर वाळत होती, आणि झाडं वाळताहेत म्हणून आम्ही आणखी पाणी सोडत होतो. होळीपर्यंत माझा पारिजातक गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मेंदी.

मला वाटायचं, अंबक्का लक्ष देत नाही. एकदा तिला ऐकू जाईल असं मी बोललेही, "फुकटचं मिळालं की किंमत राहत नाही." ती पानं कातरत राहिली.

तर असे आम्ही त्या सकाळी बागेच्या मधोमध उभे होतो. वीसेक बायका, साहेब, त्यांचा शिपाई आणि पांढरेशुभ्र अण्णा. अंबक्काचा पत्ता नव्हता. तोंड दाखवायला लाजली असेल, असं मी मनात म्हणून टाकलं.

"पाण्याची काय सोय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बोर मारून दिलीय ना!" अण्णा पुढं झाले. "भाऊबीजेला. आपल्या खर्चानं."

"पाणी लागलं?"

"भरपूर."

"कसं आहे?"

"एकदम गोड साहेब! शहाळ्यासारखं. पाण्याची तक्रारच नाही." मग आमच्याकडे बघून त्यांनी एक मोठा उसासा सोडला. "आता घरच्या बायका आहेत. चूल, पोरंबाळं बघून जमतं तेवढंच. मी म्हटलं होतं यांना, बाग म्हणजे पोरखेळ नव्हे. पण हौस असती. आपण हौसेला नाही म्हणू नये."

मी तोंड उघडलं. भाषण तयार होतं, आठवडाभर फॉल लावता लावता पाठ केलेलं. नकाशापासून पत्रावळ्यांपर्यंत सगळं त्यात होतं. तेवढ्यात शमशादनं माझा हात दाबला आणि मोटारीच्या खोलीकडे डोळ्यानं खूण केली.

तिकडून अंबक्का येत होती. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात गजरा, हातात ताट. ताटात लखलखीत घासलेला पितळी तांब्या, स्टीलचा पेला आणि वाटीत गुळाचे खडे.

माझ्या अंगाची लाही झाली. एवढं होऊनसुद्धा ही त्याला गूळपाणी द्यायला नटून आली! मी शमशादला म्हटलं, "आता ओवाळेल बघ परत." शमशाद म्हणाली, "चुप बैठ."

"ओ अण्णा, उन्हाचं आलाव," अंबक्का म्हणाली. "पाणी घ्या की."

"अगं अक्का, कशाला त्रास."

"बहिणीच्या दारात आलाव. कोरडं कसं पाठवू?"

अण्णांनी साहेबांकडे हसून बघितलं. म्हणजे, बघा आमचे संबंध. गुळाचा खडा तोंडात टाकला, पेला उचलला आणि तहानलेल्या माणसानं घ्यावा तसा मोठा घोट घेतला.

तो घोट तोंडातच थांबला.

गाल फुगलेले, डोळे मोठे. इकडे साहेब बघताहेत, तिकडे वीस बायका. थुंकावं तर कुठं? कसाबसा तो घोट त्यांनी खाली ढकलला. गळ्यातला मणी वर गेला आणि परत खाली आला.

"आपल्याच बोरचं आहे," अंबक्का म्हणाली. आवाज अगदी साजूक. "आत्ताच भरलं. गोड आहे की?"

अण्णांनी रुमाल काढला. ओठ टिपले.

"गोड आहे," ते म्हणाले.

"मग संपवा की. पेल्यात पाणी ठेवू नये."

त्यांनी संपवलं. अंबक्कानं लगेच पेला भरला.

"नको अक्का, झालं."

"असं कसं! एका पेल्यानं पाहुणा वैरी होतो. दुसरा घ्या."

तेव्हा कुठं मी अण्णांच्या तोंडाकडे नीट बघितलं. कपाळावर घाम, आणि नजर अंबक्कावर खिळलेली. खारं लागल्यानं दचकलेल्या माणसाची ती नजर नव्हती. खारं आहे हे आधीच ठाऊक असलेल्या, आणि हिला कसं कळलं म्हणून घाबरलेल्या माणसाची होती.

माझ्या तोंडातलं भाषण विरून गेलं.

अण्णा दुसरा पेला अर्धा प्यायले. शमशाद पुढं झाली. अंबक्काच्या हातातला तांब्या तिनं घेतला आणि पेला काठोकाठ भरला.

"अण्णा, माझ्या हातचं पण घ्या. का भाभीच्या हातचं पाणी चालत नाही तुम्हाला?"

"असं कसं म्हणता भाभी." अण्णांनी चोरून साहेबांकडे बघितलं. साहेब हाताची घडी घालून उभे होते. अण्णा प्यायले.

मग आमच्या बायकांना काही सांगावं लागलं नाही. जन्मभर पंगती वाढलेल्या बायका. नको नको म्हणणाऱ्या जावयाच्या पानात आणखी एक जिलेबी कशी सरकवायची, हे ज्यांच्या हातांना डोळे मिटून जमतं, त्यांना एक पेला पाजणं काय अवघड? एक म्हणाली, "भाऊबीजेला मी गावी होते, माझं राहिलंय." दुसरी म्हणाली, "शहाळ्यासारखं आहे ना ओ, मग तोंड का वाकडं करताव?" तिसरीनं त्यांच्या सगळ्यात धाकट्या लेकीची शपथ घातली. कुणी आवाज चढवला नाही. सगळ्या हसून, पदर सावरून, मान वाकवून आग्रह करत होत्या. तांब्या रिकामा झाला तशी कुणीतरी तो धावत जाऊन भरून आणला.

तांब्या माझ्याकडे आला. मी पेला भरला.

"अण्णा," मी म्हटलं, "माझा स्वभाव तिखट. पाणी तरी माझ्या हातचं गोड घ्या."

त्यांनी पेला तोंडाला लावला. पाणी ओठांच्या दोन्ही बाजूंनी सांडून पांढऱ्या शर्टावर ओघळलं. मग पंगतीत पोट फुटायला आलेला माणूस पानावर आडवा होतो ना, तसे त्यांनी पेला माझ्या हातात कोंबला आणि दोन्ही तळवे त्यावर धरले.

"बास! बास म्हणतो ना! खारं आहे! विष आहे नुसतं! झालं समाधान?"

साहेबांच्या हाताची घडी सुटली.

"तुम्ही तुमच्या गुलाबांना टँकर का घालताव ओ अण्णा?" अंबक्कानं विचारलं.

"काय?"

"तुमच्या बंगल्यात बोर आहे की. या भिंतीच्या पलीकडं, एका हाकेवर. मग टँकर का?"

अण्णांनी रुमालानं मान पुसली. "कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या आईनं."

अण्णांचा हात मानेवरच राहिला.

"काल गेले होते तुमच्याकडं," अंबक्का म्हणाली. "साहेबांना थोडं थांबायला सांगा म्हणून पाया पडायला. तुम्ही नव्हताव. आई ओट्यावर होत्या. मला म्हणाल्या, ये गं, बस. झाडं गेली ना तुमची? आमचे गुलाब पण असेच गेले बोरच्या पाण्यानं, दोन वर्षं झाली. मी मुकुंदाला म्हटलं होतं, त्या बायकांना ही बोर देऊ नको, पाण्याची शीर एकच आहे, झाडं जळतील त्यांची." ती थांबली. तिचा साजूक आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. "तर मुकुंदा म्हणाला, आई, जळू दे."

"म्हातारीचं काय ऐकता," अण्णा साहेबांना म्हणाले. "तिला हल्ली आठवत नाही काही. आणि झाडंच तर होती साहेब, माणसं नव्हती."

साहेबांनी माझ्या हातातला पेला घेतला, तळाशी उरलेलं पाणी जिभेला लावलं आणि बाजूला वळून थुंकले. मग शिपायाकडे हात केला.

"कागद मिटव. पाडव्यानंतर बघायला येतो म्हटलं होतं. कुठल्या पाडव्यानंतर, ते म्हटलं नव्हतं." जाता जाता ते अंबक्कापुढं थांबले. "पुढच्या चैत्रात येईन. बोर बंद करा. मोटार ज्याची त्याला परत द्या."

अण्णांची गाडी कोपऱ्यावर थांबली. दार उघडून ते चाकाशी वाकलेले आम्हाला लांबून दिसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू येत नव्हतं. जळू दे. दोनच शब्द. ओवाळून घेताना, फोटोवाल्याकडे बघताना, तिच्या ताटात सुपारी टाकताना, ते पोटात ठेवून बसला होता हा माणूस.

(पुढच्या चैत्रात साहेब आले, तेव्हा त्यांना बाग विचारावी लागली नाही. सभागृह कुठंतरी लांब हायवेला झालं. आम्हाला निमंत्रण होतं, आम्ही गेलो नाही. पण हे सगळं नंतरचं.)

त्या दिवशी बायका पांगल्या आणि अंबक्का कडुनिंबाच्या पारावर बसली. ठेवणीतल्या लुगड्याला पांढरी माती लागली होती. मी शेजारी जाऊन बसले. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच.

"काल कळलं, तर काल का नाही सांगितलंस मला?" मी म्हटलं. "मी सकाळपासून तुला मनात काय काय म्हणत होते."

"तुला सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस."

"मग? करायलाच पाहिजे होतं."

"भाषणात त्याला कोण हरवणार गं? तो जन्मभर तेच करतोय." तिनं गजरा काढून मांडीवर ठेवला. "आपल्याला जे येतंय तेच करावं."

तिनं समोरच्या काड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हॉल्व्ह मी सोडत होते, इंदू. रोज. सकाळी पण."

मी तिच्या कमरेवर हात ठेवला.

मग ती उठली. पदर खोचला, वाकली आणि पहिली वाळकी जास्वंद मुळासकट उपटली. उपटताना दातओठ खाऊन तिनं आपल्या माहेरच्या तेलुगूतली एक लांबलचक शिवी दिली.

अर्थ मला कळला नाही. मी मराठीतली दिली आणि दुसरी उपटली.